टाचणीपलीकडचा शैलक

शोभाताई, टाचणी तू काढली होतीस. आधी एवढं कबूल कर, बाकीचं मग बोलू.

तू गेल्याला अजून महिना व्हायचा आहे आणि मी तुझ्यावर आळ घेऊन बसले आहे. पुण्यानुमोदनाला लोक तुझ्याबद्दल किती चांगलं बोलले. धरणाच्या ऑफिसातले साहेब बोलले, कॉलनीतल्या बाया बोलल्या. वंदनेनंतर तुझा भाऊ बोलायला उभा राहिला आणि एका वाक्यातच खाली बसला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात लग्न असो की मयत, गोष्ट सांगायचं खातं माझ्याकडे. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "ताई कोणावर विश्वास ठेवायची नाही." पुढे सावरून घेतलं, की म्हणजे ताई प्रत्येक गोष्ट तपासून बघायची, कामात चोख होती, वगैरे. पण पहिलं वाक्य पडायचं ते पडलं होतं. मागून कोणीतरी खोकलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पहिलंच बरोबर होतं गो, पुढचं कशाला जोडलंस.

म्हणून इथे गोडधोड जोडत नाही.

तू माझी नणंद आणि मी तुझी भावजय, म्हणजे संशयाची सोय पहिल्यापासूनच होती. मी लग्न होऊन टोकावड्याला आले तेव्हा तू भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत एकटी राहायचीस. तुझे मिस्टर गेल्यावर त्यांच्या जागी ऑफिसात लागली होतीस. शनिवारी शहापूरला गाडी बदलून, मुरबाडला गाडी बदलून माहेरी यायचीस आणि आल्या आल्या ओट्यावर आईंच्या शेजारी बसायचीस. आई म्हणजे तुझी आई, माझी सासू. त्यांची ती प्लॅस्टिकची लाल खुर्ची, एक हात तडकलेला आणि तारेनं बांधलेला. त्या खुर्चीतून त्यांना माळशेजकडे जाणारी प्रत्येक एसटी दिसायची आणि मान वळवली की घरातलं प्रत्येक भांडं. खुर्चीशेजारच्या पायरीवर तू. तुमचं दोघींचं हळू आवाजात चालायचं आणि मी आत भाकऱ्या थापताना कान लांब करायचे. ऐकू काही यायचं नाही. जे ऐकू यायचं नाही ते मी रचायचे. गोष्टी सांगायची सवय मला तिथूनच लागली असणार. नीट ऐकू आलं असतं तर कदाचित मी सरळ बाई झाले असते.

मग ते नोकरीचं झालं. मुरबाडच्या पतसंस्थेत जागा निघाली होती. मी माहेरची मावशी आजारी आहे असं सांगून मुलाखत देऊन आले. त्या मावशीला मी त्या वर्षी बरीच दुखणी दिली. निवड झाल्याचं कळलं तेव्हा घरात कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या भावालाही नाही, कारण त्याच्या पोटात गुपित गेलं की त्याचे कान लाल होतात. फक्त तुला सांगितलं, शनिवारी दुपारी, नळावर कपडे आपटताना. का सांगितलं, हे मला आजही नीट माहीत नाही. तू चांगलं म्हणालीस का वाईट, तेही आठवत नाही. तू फक्त चादर पिळायला दुसरं टोक धरलंस.

रविवारी सकाळी आई लाल खुर्चीतून म्हणाल्या, "नोकरी करायची तर कर. माझ्या पाठीमागनं नाय करायची. शोभानं सांगितलं म्हणून कळलं मला."

झालं. आरडाओरडा नाही, अबोला नाही. मी आठवडाभर मनात एक भांडण तयार करून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य वापरायला मिळालं नाही. नोकरी मिळाली, अजून करते आहे. पण तू सांगितलंस हे पोटात राहिलं. त्या संध्याकाळी तू गाडीला निघालीस तेव्हा माझ्याकडे न बघता पिशवी उचललीस. मी विचारलं नाही, तू बोलली नाहीस. सांगितलंस हे तर आईंनीच सांगितलं. प्रश्न तो नव्हताच. कोणाची होऊन सांगितलंस, माझी की त्यांची, हा प्रश्न होता. आपण किती वर्षं एका ताटात जेवलो, पण तो प्रश्न नेहमी चटणीसारखा कडेला वाढलेला.

नीलकूटचे खंड आपल्या घरात आले ते यानंतर काही वर्षांनी. कॉलनीच्या वाचनालयाला कोणीतरी पहिला खंड भेट दिला होता आणि जाडी बघून कोणी तो घरी नेत नव्हतं. तू नेलास. म्हणालीस, उशाला बरा पडेल. पुढच्या शनिवारी तो माझ्या हातात ठेवलास, "वाच, तुला राजवाड्यातल्या भानगडी आवडतील." हा टोमणा होता की शिफारस, हेही मी बरेच दिवस तपासत होते.

ज्यांनी नीलकूट वाचलं नाही त्यांना थोडक्यात सांगते, ताई, तू कंटाळू नकोस. नीलकूट हे ढगांच्या वर, डोंगरमाथ्यावर वसलेलं राज्य. राजा पहिल्याच पानांत मरतो. मागे राहतात तरुण राणी वेत्रा, तिचा लहानगा मुलगा, आणि राजमाता, जिच्या कमरेला सगळ्या दारांच्या किल्ल्या. आणि प्रधान शैलक, जो दोघींनाही मुजरा करतो. त्या राज्यात सावलीपक्षी असतात. माणूस खोटं बोलला की हा पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसतो. बाकी सगळ्यांना दिसतो, ज्याच्या खांद्यावर बसलाय त्याला मात्र दिसत नाही.

पहिल्या खंडाच्या शेवटी राणी मुलाला घेऊन माहेरच्या राज्यात पळून जायचं ठरवते. हे फक्त शैलकाला ठाऊक असतं. आणि शैलक जातो तो थेट राजमातेच्या दालनाकडे. दाराशी चपला काढतो, आत जातो, दार लागतं. आत काय बोलणं झालं, लेखक सांगत नाही. सकाळी गडाचे सगळे दरवाजे बंद, राणीचं जाणं रद्द. पुढच्या खंडात कळतं की खाली घाटात मारेकरी दबा धरून बसले होते. राणी निघाली असती तर मेली असती. आता शैलकाला मारेकऱ्यांचं माहीत होतं का? त्यानं राणीला वाचवलं की विकलं? सहा खंड आपण ह्यावर भांडलो.

ते पहिल्या खंडाचं शेवटचं प्रकरण तू मला वाचून दाखवलंस. तुझ्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी बसलो होतो, मी वालाच्या शेंगा सोलत होते. 'हे फक्त शैलकाला ठाऊक होतं' ह्या वाक्यापाशी तू थांबलीस आणि उठून पाणी प्यायलीस. तहान लागावी असं ऊन नव्हतं. मी शेंगा सोलत राहिले, मान वर केली नाही, पण ते टिपून ठेवलं.

प्रकरण संपल्यावर तू पुस्तक मिटलंस आणि एकच शब्द बोललीस, "फितूर."

मी चाट पडले. मला वाटलं होतं, तू त्याची बाजू घेशील. म्हणशील, बिचाऱ्याचा नाइलाज असेल, मोठ्यांना विचारल्याशिवाय घर चालतं का, वगैरे. मी त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं. तू असा पहिलाच दगड मारल्यावर मला त्याची बाजू घ्यावी लागली. म्हणाले, त्याचं काही कारण असेल. आता खरं सांगते, शैलकाच्या प्रेमापोटी नव्हतं ते. मी दार उघडं ठेवून बघत होते, तू आत येतेस का. 'असेल गो कारण,' एवढं जरी म्हणाली असतीस तरी मला पुरलं असतं. तू उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस. आणि मग मला संशय येऊ लागला, की तुला कळलंय मी दार उघडं ठेवलंय.

तेव्हापासून ठरूनच गेलं. तू शैलकाला फितूर म्हणणार, मी निष्ठावंत म्हणणार. त्याच्या चपलांवरच आपली किती जेवणं थंड झाली. तुझं म्हणणं, हा माणूस राजासमोरसुद्धा चपला काढत नव्हता, इथेच काढल्या, म्हणजे शरण गेला. माझं म्हणणं, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून काढल्या. मग हातात घेऊन जायचं, तू म्हणालीस, दाराशी कशाला सोडल्या, पुरावा ठेवायला? मी म्हणाले, पुरावाच ठेवायचा होता, राणीच्या दासीनं बघून राणीला सावध करावं म्हणून. तू म्हणालीस, असली दासी तुझ्या डोक्यात आहे, पुस्तकात नाय. तुझा भाऊ जेवताना मध्येच विचारता झाला, कोणाच्या चपला हरवल्या?

शैलकाच्या खांद्यावर एकदाही पक्षी बसत नाही, हा माझा हुकमी पत्ता होता. मी तो टाकला आणि टेकून बसले. तू शांतपणे म्हणालीस, "खायला घालत असेल पक्ष्याला."

तू पुस्तकं धरणासारखी वाचायचीस, ताई. वरचं पाणी हलत नाय म्हणजे खालनं जात नाय असं नसतं, हे तुझं ठरलेलं. कोणी राणीपुढे फार वाकला की तू मागची पानं उलटून बघायचीस, हा मागे कोणापुढे वाकला होता. राजवाड्यात कारंजी उडायला लागली की तू विचारायचीस, पाणी कुठल्या गावचं? खालच्या गावांत विहिरी आटल्या असं लेखकानं चौथ्या खंडात लिहिलं तेव्हा तू खूश झालीस. म्हणालीस, माणूस शहापूरकडं राहून गेला असणार. मी मात्र राणीच्या साड्या आणि पक्षी ह्यांत अडकून बसायचे, आणि मधल्या लढाया वाचल्याचं खोटंच सांगायचे. तू कुठल्या सेनापतीचा हात तुटला असं विचारून मला पकडायचीस.

एक गोष्ट मी तुला कधी दाखवून दिली नाही. पहिल्या खंडापर्यंत तू मला 'तुम्ही' होतीस. ताई, तुम्ही चहा घेता का, ताई, तुमची पिशवी. दुसऱ्या खंडात मी भांडणाच्या भरात "तू गप गो, तुला काय कळतं राजकारणातलं" असं बोलून गेले. आई खुर्चीत वळल्या. तू एवढंच म्हणालीस, "तुलाच कळतं सगळं." त्यानंतर 'तुम्ही' परत आलं नाही. सासर आणि मुरबाड सोडलं तर एवढ्या वर्षांत मी कुठे पोहोचले असेन तर तेवढ्या एका अक्षराच्या अंतरावर, आणि तेही शैलकाच्या कृपेनं.

टाचणीचा नियमही दुसऱ्याच खंडापासूनचा. मी शेवटचं पान आधी वाचलं आणि तुझ्यापासून लपवायला गेले. गोष्टी रचणारी बाई मी, पण तोंडावर काही लपत नाही. ते खानदानी नाही, माझं स्वतःचं आहे. तू ऑफिसातून टाचण्या आणल्यास. जी आधी वाचेल तिनं शेवटच्या प्रकरणाच्या मथळ्यापाशी थांबायचं, पुढची पानं एकत्र धरून टाचणी टोचायची आणि मग पुस्तक दुसरीला द्यायचं. दोघींचं टाचणीपर्यंत वाचून झालं की ते प्रकरण एकत्र बसून, मोठ्यानं वाचायचं. आणि टाचणी लावलेला खंड राहायचा तुझ्याकडे, माझ्याकडे नाही. "तुझा भरवसा नाय," हे तू इतक्या मायेनं म्हणायचीस की मला राग येण्याऐवजी बरं वाटायचं.

आणि तो खांदा झटकायचा इशारा. लग्नाच्या मांडवात मी बायकांना काहीतरी रंगवून सांगत असायचे, माळशेजच्या वळणावर गाडी कशी अधांतरी लटकली होती वगैरे, आणि समोरच्या रांगेतून तू माझ्याकडे बघत स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवायचीस. पक्षी बसला. मी मुकाट्यानं गाडीचं मागचं चाक रस्त्यावर आणायचे.

सहावा खंड, शेवटचा, आला तेव्हा तुझं दुखणं सुरू झालं होतं. आई तुझ्याकडे येऊन राहिल्या. क्वार्टरमधल्या पलंगावर, म्हसा गावच्या जत्रेतून घासाघीस करून घेतलेली ती काळी घोंगडी गुडघ्यांवर घेऊन, तू तो खंड वाचलास, टाचणी लावलीस, मला दिलास. मी वाचून परत आणून दिला. टाचणीच्या अलीकडच्या पानावर शैलक मरतो. म्हातारा होऊन, अंथरुणात, तोंडातून एक शब्द न काढता. मी संतापले होते. सहा खंड वाट बघायला लावून हा लेखक त्याला गप्प मारतो. जे काय असेल ते टाचणीपलीकडे.

आपण ठरवत राहिलो, ह्या रविवारी, पुढच्या रविवारी. शेवटचा फोन आठवतो ना? मी पतसंस्थेच्या जिन्यात उभी होते. म्हटलं, रविवारी नक्की येते, वाचून टाकू, मला आता राहवत नाही. तू म्हणालीस, ये, घाई नाय. मी म्हटलं, बघ तू, शैलक शेवटी खरा ठरणार. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता, तरी तू म्हणालीस, "फितुरी केली त्यानं. मी हेच बोलणार." मी हसले. रविवारच्या आत तू गेलीस.

मी तेव्हा ऐकायला हवं होतं. तू 'घाई नाय' म्हणालीस. तुला घाई नव्हती, ताई? तुलाच?

तुझं सामान आई घेऊन आल्या. घोंगडीत गुंडाळलेला सहावा खंड त्यांनी माझ्या हातात दिला आणि लाल खुर्चीत जाऊन बसल्या. मी परवा दुपारी तो उघडला. वाचायला नव्हे, नुसता. टाचणी होती जागेवर. पण कॉलनीतल्या त्या धरणाच्या ओलीत टाचण्या गंजतात, पानावर तपकिरी डाग पडतो, आपल्या प्रत्येक खंडावर आहे. इथेही तो डाग होता, दोन भोकांभोवती. त्या भोकांत टाचणी नव्हती. ती होती जरा खाली, दोन नव्या, स्वच्छ भोकांत.

कोणीतरी काढली आणि परत लावली.

मी संशयितांची रांग लावली, जशी तू लावायचीस. तुझा भाऊ पेपरातल्या निविदांपलीकडे वाचत नाही. शेजारणी औषधं द्यायला यायच्या, पुस्तक उघडायला नाही. आईंना अक्षरओळख नाही. उरलीस तू. म्हणजे तू एकटीनं वाचलंस. शेवटी काय होतं ते तुला माहीत होतं, आणि तरी फोनवर माझ्याशी भांडलीस, जणू आपण दोघी एकाच पानावर आहोत. नियम तुझा, टाचणी तुझी, आणि भरवसा म्हणे माझा नाही. मला रडू यायला हवं होतं; मला आला राग. इतके दिवस नीट रडले नव्हते, ते त्या रागानं आलं.

पुस्तक तसंच हातात घेऊन ओट्यावर आले. आईंनी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे.

"टाचणी दिसली तुला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ताईनं वाचलं ना आधी?

"वाचलं कसलं, मला वाचून दाखवलं. दोन दिस लागलं, दम पुरत नव्हता तिला. मी बोलली, वैशालीला येऊ दे, तुमचा नेम हाय ना तसा. तर बोलली, तिला नंतर एकटीला वाचावं लागंल. कोणतरी पायजे तिला भांडायला. तू ऐकून ठेव."

मी खाली पायरीवर बसले. तुझ्या पायरीवर. बघ म्हणजे, ताई. पुन्हा आईला सांगितलंस. माझ्या आधी, माझ्या पाठीमागे, जी एक गोष्ट फक्त आपल्या दोघींची होती ती तू उचलून आईच्या पदरात टाकलीस. मी विचारलं, काय होतं शेवटी. आईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. म्हणाल्या, तू वाचल्याबिगर सांगायचं नाय, तसं शोभानं बजावलंय. तुझी शिस्त इतक्या दिवसांत त्यांच्याही अंगात उतरली होती. मी टाचणी काढली आणि वाचायला लागले, मोठ्यानं, नियम पाळायचा म्हणून. आई रस्त्याकडे बघत ऐकत होत्या. एक एसटी गेली तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

प्रकरण लहानसं आहे. राणी वेत्रा, आता केस पिकलेली, शैलकाची खोली उघडून घेते. सगळी शोधते. चिठ्ठी नाही, खूण नाही, काही नाही. खिडकीत बराच वेळ उभी राहते. मग एकटीच सज्जातून चालत राजमातेच्या दालनाकडे जाते. राजमाता आंधळी झालीय, पण आहे. दाराशी राणी चपला काढते. आत जाते. दार लागतं. आणि पुस्तक संपतं.

मी पान उलटून बघितलं. कोरं होतं. पहिला विचार आला, तुला फोन करून ह्या लेखकाला शिव्या घालाव्यात. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. सहा खंडांत आपण शैलकाच्या चपला तपासल्या, त्याचा खांदा तपासला, तो कोणापुढे किती वाकला ते मोजलं. त्या दालनात दुसरं माणूस होतं, ज्यानं त्याचं बोलणं कानांनी ऐकलं होतं. तिला विचारायचं इतकी वर्षं ना राणीला सुचलं, ना आपल्याला.

आणि तू हे वाचलं होतंस. तुला कळलं होतं की ह्या पानावर आल्यावर मी मान वर करून कोणाकडे बघणार.

आई ओट्यावर होत्या, मी पायरीवर. चपला आपल्याकडे पायरीखालीच राहतात, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. मी विचारलं, आई, त्या शनिवारी माझ्या नोकरीचं ताई तुम्हाला नेमकं काय बोलली होती?

त्या खुर्चीच्या तारेवर बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"आता विचारतेस गो," त्या म्हणाल्या. "मी नकोच बोलली होती. सून रोज गाडीनं मुरबाडला जाणार, लोक काय बोलतील मला. तर शोभा उठली. पायात चपला घातल्या. बोलली, आई, तू तिला नाय म्हणालीस तर मी तिला आत्ताच माझ्याकडं घेऊन जाते. तिथनं करील ती नोकरी. तू नि तुझा लेक बसा इथं भाकऱ्या थापत."

"मग?"

"मग काय. तिचं डोळं बघून मी घाबरली. बोलली, बस खाली, करू दे नोकरी. पण मी घाबरली ते वैशालीला सांगायचं नाय. शपथ घातली तिला. मंग सकाळी मी तुला तसं बोलली, माझं वजन राहावं म्हणून."

इतकी वर्षं, ताई. तू एका शब्दानं मोकळी झाली असतीस. मी दर खंडाला दार उघडून उभी होते आणि तू उंबऱ्याशी थांबत होतीस, कारण आत यायचं तर आईला दिलेला शब्द ओलांडून यावं लागलं असतं. शब्द मोडला नाहीस. त्याऐवजी त्या लाल खुर्चीजवळ बसून, आईंच्या कानांवर पडेल अशा आवाजात, शैलकाला फितूर म्हणत राहिलीस.

आता तुझ्याच शिकवणीनं मला लगेच पुढची शंका आली. साक्षीदार कोण? सासू. लेक गेलेली, मुलगा कामावर, उरलेलं आयुष्य सुनेच्या हातची भाकरी. अशा वेळी सुनेला बरी वाटेल अशी गोष्ट सांगण्यात कोणाचा फायदा, हे तू पहिलं विचारलं असतंस. आणि ह्या घरात गोष्टी रचणारी मी एकटीच आहे असं कशावरून? चपला घातल्याचं इतकं नेमकं त्यांच्या लक्षात राहिलं, की त्यांनी ते शेवटचं प्रकरण ऐकून माझ्यासाठी बसवलं? मी आईंच्या खांद्याकडे निरखून बघितलं. त्यांना ते कळलं. तू त्यांना पक्ष्यांचंही सांगून ठेवलं होतंस, असं दिसतंय, कारण त्या जरा वळून बसल्या, मला दोन्ही खांदे नीट दिसावेत म्हणून.

पांढऱ्या साडीचा पदर होता. बाकी काही नव्हतं.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "तुझा तो शैलक. खरा म्हणत होतीस ना?"

ह्या प्रश्नाला एवढ्या वर्षांत मी एकच उत्तर दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "ताईचं बरोबर होतं. फितुरी केली त्यानं."

आईंनी मान हलवली. "माझ्याशी," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी नाय."

मी टाचणी पुन्हा लावली, गंजलेल्या जुन्या भोकांतच. का लावली, विचारू नकोस.

हे सगळं मी होतं तसं लिहिलं आहे. निदान मला तसं वाटतं. कुठे रंगवलं असेन, आईंच्या तोंडी एखादं वाक्य जास्तीचं घातलं असेन, तुझ्या डोळ्यांत नसलेला जाळ ठेवला असेन, तर ते मला कळणार नाही. आईंचा खांदा मी तपासला. माझा मला दिसत नाही, ताई. तो बघायला समोरच्या रांगेत तू लागायचीस.